वेशीवरच्या वीराची खोळ

मला वाचता येऊ लागलं ते बाबांच्या पत्रकांवर. पिवळ्या किंवा गुलाबी स्वस्त कागदावर छापलेली ती पत्रकं असत. वर जाड टाइपात एक प्रश्न आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'आपला नम्र' आणि त्यांचं नाव. बाबा एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि नोकरीतून उरलेलं आयुष्य त्यांनी पत्रकांत घातलं. परदेशी कंपन्यांना दारं सताड उघडली म्हणून पत्रक, नदीत राडारोडा टाकतात म्हणून पत्रक, गणपतीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांवर पत्रक. इतर मुली रविवारी चित्रं रंगवत. मी घड्या घालायचे. आधी उभी, मग आडवी, नखानं दाब देऊन.

घड्या घालून झाल्या की आम्ही दोघं बसनं मंडईत जायचो आणि भाजी घेणाऱ्यांच्या हातात पत्रकं द्यायचो. एकदा हिरव्या मिरच्या घेतल्या, तर त्या आम्हीच तासाभरापूर्वी वाटलेल्या पत्रकाच्या पुडीत बांधून मिळाल्या. घरी आईनं पुडी सोडली, मजकुरावर नजर टाकली आणि म्हणाली, "चला, मिरच्यांना तरी झोंबलं."

बाबा हसले नाहीत. मला ते फार मोठे वाटले त्या दिवशी. ते मला सांगत, "पुस्तकात एखादं वाक्य खोटं निघालं तर लेखक घरी बसलेला असतो. पत्रक आपण माणसाच्या हातात देतो, त्याच्या तोंडाकडे बघून. त्यात खोटं चालत नाही." मी हे अक्षरशः खरं मानलं. शाळेतल्या प्रार्थनेवर माझा एवढा विश्वास नव्हता.

आम्ही राहायचो खराडीच्या पुढे, नदीकाठच्या एका गावात. आलो तेव्हा ते गाव होतं. घरामागे ऊस होता, रात्री कोल्हे ओरडायचे आणि रिक्षावाले 'तिकडं रिटर्न भाडं मिळत नाही' म्हणून नकार द्यायचे. मग खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. ऊस गेला, प्लॉट पडले, ज्यांनी जमिनी विकल्या त्यांच्या दारात काळ्या गाड्या आल्या आणि पहाटे-संध्याकाळी कंपन्यांच्या कॅब गावातून धुरळा उडवत जाऊ लागल्या. पुढे मीही त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला लागले. एका सॉफ्टवेअरचं 'हेल्प' लिहायचे, म्हणजे कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते. बाबा म्हणाले, "तूही पत्रकंच लिहितेस, फक्त कुणाविरुद्ध नाहीत."

गावाची जुनी वेस म्हणजे दोन दगडी खांब उरले होते. त्यांच्या उजव्या हाताला एक उभा दगड होता, कमरेच्याही वर येईल एवढा. त्याला सगळे 'वीर' म्हणत. दगड दिसत नसेच. तेलात कालवलेल्या शेंदराचे थरांवर थर बसून त्याची एक जाड, गुळगुळीत, नारिंगी खोळ झाली होती आणि त्यावर चांदीचे दोन डोळे चिकटवलेले. वेशीच्या बाहेर रामोशी वस्ती, दहा-बारा घरांची. गावाची राखण पूर्वी त्यांच्याकडे. राखणीचं काम केव्हाच संपलं होतं, पण वीराची पूजा त्यांच्याकडे राहिली होती आणि तिच्याबरोबर एक मान.

आमच्याकडे पोळा भाद्रपदातल्या अमावास्येला. बैल रंगवून, झुली घालून वाजतगाजत वेशीत येतात. पहिली जोडी पाटलांची. पण ती वेस ओलांडत नाही. आधी रामोशी वस्तीतलं मोठं माणूस पुरणपोळीचा निवद वीराला ठेवणार, नारळ फोडणार, बाजूला होणार आणि मगच पाटलांचे बैल पुढे. वर्षातला तेवढा एक क्षण पाटील थांबतात आणि रामोशी चालतात. माझ्या लहानपणापासून तो निवद ठेवणारी एक म्हातारी होती. नवरा गेल्यावर मान तिच्याकडे आला होता. बारीक, काटक, जिभेला धार. ती मुद्दाम वेळ लावायची. पदर सावरायची, हळदकुंकवाची पुडी शोधायची, सापडली तरी शोधायची. मागे ढोलवाले ताटकळायचे. पाटील ओरडायचे, "आटप की म्हातारे, बैलं उभी हायत!"

ती मान न वळवता म्हणायची, "उभी ऱ्हाऊ देत. बसलीत कवा?"

बैल कमी होत गेले. शेवटी शेवटी पाटलांची जोडी भाड्यानं आणत आणि तिच्या मागे धुऊन-पुसून, फुगे बांधून ट्रॅक्टर उभे असत. पण थांबायचे तेही.

बाबांना त्या दगडाचा नाद लागला तो त्यांच्या निवृत्तीनंतर. त्यांच्या मते त्या शेंदराखाली वीरगळ होता, लढाईत मेलेल्या माणसाचं कोरीव स्मारक. त्यांनी आम्हा काही तरुणांचा गट जमवला. गावात जुनं जे काही उरलंय, वेस, पायविहीर, नदीचा घाट, तिथे प्रत्येक ठिकाणी माहितीफलक लावायचा, अशी ती कल्पना. कुठल्याही मंत्र्याशिवाय, कुठल्याही बॅनरशिवाय. त्यांनी पत्रक काढलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, 'हा देव नाही, हा आपला इतिहास आहे.' पुढे लिहिलं होतं की इतिहासाला नवस बोलायचा नसतो, त्याला घाबरायचंही नसतं, तो वाचायचा असतो. मला ते त्यांचं सर्वांत चांगलं पत्रक वाटलं होतं. ऑफिसात मी ते सहकाऱ्यांना वाचून दाखवलं. एक जण म्हणाला, "यार, तेरे पापा का कंटेंट एकदम सॉलिड है."

शेंदूर काढायचा तर म्हातारीची परवानगी हवी होती. आम्ही वस्तीवर गेलो. बाबांना तिथे मान होता. पूर्वी वस्तीच्या नळासाठी त्यांनी पत्रकं काढली होती, आणि नळ आला होता. पत्रकांमुळे आला की निवडणुकीमुळे, ते सोडा. ती त्यांना मास्तर म्हणायची.

"मास्तर, खोळ द्येव आपसूक टाकतो," ती म्हणाली. "त्येला वाटंल तवा. आपुन ओरबाडून काडायची नसती."

"ओरबाडणार नाही, मावशी. कोमट पाणी, बांबूच्या काड्या, मऊ ब्रश. दगडाला ओरखडा येणार नाही."

"आन् मंग काय व्हईल?"

"मग तुमचा पूर्वज दिसेल. आत्ता नुसते डोळे दिसतात. तो कसा लढला ते कोरलेलं आहे आत. शेजारी फलक लावू. त्यावर लिहू की हा राखणदार होता आणि पोळ्याचा पहिला मान तुमच्या घराचा आहे. आज तो मान तोंडी आहे. उद्या कुणी नाही म्हटलं तर काय दाखवाल? लिहिलेलं असलं की कुणाची हिंमत नाही."

ती बराच वेळ तोंडात मिश्री घोळवत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुजा बाप लिवनार का?"

"हो आजी," मी म्हटलं. "बाबाच लिहिणार."

"मंग लिवा."

तिची एकच अट होती. निघालेली खोळ कचऱ्यात टाकायची नाही, नदीत सोडायची. आम्ही तसंच केलं. दोन रविवार काम चाललं. खोळ मोठमोठ्या कपच्यांनी निघाली, आतून लालसर, कुठे काळी. गोणपाटात बांधून ती आम्ही घाटावर नेली. नदीवर साबणाच्या फेसासारखा फेस होता. म्हातारी गुडघाभर पाण्यात उतरली आणि गोणपाट सोडताना काहीतरी पुटपुटली. मला बाबांच्या तोंडाकडे बघून हसू आलं होतं, कारण पुटपुटण्यावरही त्यांचं एक पत्रक होतं.

दगड उघडा झाला तेव्हा अख्खी वस्ती जमली. वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यांत खालच्या चौकटीत गुरं होती, एकमेकांत शिंगं घातलेली. त्यांच्यापुढे ढाल-तलवार घेतलेला एक पायी माणूस, समोरून अंगावर येणारा घोडेस्वार आणि पायाशी तोच पायी माणूस आडवा पडलेला. मधल्या चौकटीत त्याला दोन अप्सरा हात धरून वर नेतायत. वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय. घोडेस्वार पुन्हा कुठेही नाही. बाबांनी हे सगळं बोट न लावता, छत्रीच्या टोकानं दाखवत समजावलं. "गुरं पळवायला आलेल्यांना ह्यानं अडवलं. घोड्यावर आलेला लुटारू. पायी आहे तो आपला."

म्हातारी वाकून वाकून बघत होती. "बारीकच व्हता की," ती म्हणाली. "आमच्या थोरल्यासारका." सगळे हसले. मग तिनं डोळ्याला पदर लावला. त्या दिवशी मला बाबांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

फलकाचा मजकूर त्यांनी त्याच आठवड्यात लिहिला. मी तो संगणकावर टंकलिखित केला, त्यामुळे तो मला पाठ होता. शेवटची ओळ अशी होती: 'गावाची राखण करताना धारातीर्थी पडलेल्या या वीराचा पहिला मान आजही रामोशी वस्तीकडे आहे.'

पुढचे काही महिने काही झालं नाही. किंवा झालं, पण मला ते कळायला वेळ लागला. दगडावर शेंदूर होता तोवर त्याच्याजवळ कुणी थुंकत नव्हतं. आता त्याच्या आडोशाला मोटारसायकली लागू लागल्या. एका मुलानं त्यावर ओला टॉवेल वाळत टाकलेला मी पाहिला. मी ओरडले, तर तो म्हणाला, "देव नाहीये ना तो? पत्रकात होतं."

आणि वेशीतून रस्ता जाणार होता. गावाच्या वरच्या अंगाला पाटलांच्या जमिनीवर टॉवर उभे राहत होते. पाटलांचा थोरला मुलगा बिल्डरचा भागीदार होता. त्या टॉवरना रुंद रस्ता हवा होता आणि दोन खांब नि वीर अगदी मध्ये येत होते. पूर्वी एकदा असाच विषय निघाला होता तेव्हा गावातल्या कुणीही वीराला हात लावायला नकार दिला होता. खोदाई करणाऱ्या मशीनचा ड्रायव्हरसुद्धा चावी काढून निघून गेला होता. भीती होती. मी त्या भीतीला अंधश्रद्धा म्हणत होते. ती अंधश्रद्धाच होती, आजही म्हणेन. पण दगडाला राखणदार म्हणून तेवढी एकच उरली होती, आणि तिला आम्ही कोमट पाण्यानं धुऊन काढलं.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. पाटलांचा थोरला पांढऱ्या कपड्यांत आला, हातात एक पिवळा कागद. त्यानं तो उलगडला तेव्हा मला घडी ओळखू आली. त्यानं बाबांचं पत्रक वाचायला सुरुवात केली. खणखणीत आवाजात, थांबत, प्रत्येक वाक्याला न्याय देत.

"'हा देव नाही, हा आपला इतिहास आहे.' वा! कोण म्हणतंय? मी नाही म्हणत. सर म्हणतायत. आपल्या गावातला सगळ्यात शिकलेला माणूस. मग देव हलवायला तुम्ही घाबरत होता, ते ठीक. इतिहास हलवायला काय हरकत हाय? आपण त्याला सोसायटीच्या गेटवर बसवू. संगमरवरी चौथरा, वर लाइट, भोवती साखळी. उन्हातान्हात कुत्री टांग वर करतायत त्याच्यावर, ते बरं वाटतं का तुम्हाला?"

लोक हसले. टाळ्याही वाजल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते उठून उत्तर देतील म्हणून मी श्वास रोखून बसले होते. ते खाली बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आयुष्यभर ज्याचं लिहिलेलं मंडईत मिरच्यांना गेलं, त्याचं पत्रक भरसभेत कुणीतरी पहिल्यांदाच मोठ्यानं वाचलं होतं. बाबांना ते आवडलं होतं. मला ते दिसलं आणि मी स्वतःला सांगितलं की मला दिसलेलं नाही.

थोरल्यानं तिथल्या तिथे वारसा समिती जाहीर केली. अध्यक्ष बाबा.

घरी आई म्हणाली, "अध्यक्ष! म्हणजे आता आपल्याविरुद्ध पत्रक कोण काढणार?"

"आतून काम करता येतं," बाबा म्हणाले. "बाहेर राहून आयुष्य गेलं. मी अट घातलीय. दगड हलवतील, पण फलक माझ्या मजकुराचा. काळ्या ग्रॅनाइटवर, कोरून."

"सगळा मजकूर?" मी विचारलं.

"सगळा."

"आजीला हे कोण सांगणार?"

"मी सांगतो ना."

ते वस्तीवर गेले आणि परत येऊन म्हणाले, "मावशी म्हणाल्या, मान राहणार असेल तर मला चालून जायला पाय आहेत." मला ती जशी बोलते तसंच ते वाटलं, म्हणून मी निश्चिंत झाले.

अनावरण पोळ्याच्या दिवशी ठेवलं होतं. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन थेट सोसायटीच्या गेटवर गेले. आत मांडव होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, ढोलताशा. वीर चौथऱ्यावर उभा होता, खालून लाइट मारलेला, साखळीच्या आत. गेटच्या बाहेर म्हातारी उभी होती. नवं लुगडं, हातात पितळी ताट, वर रुमाल. तिच्यापुढे गणवेशातला वॉचमन. तो विदर्भातून आलेला तरुण माणूस होता, बिचारा घामाघूम झालेला.

"कोणाकडे जायचं आहे जी, मावशी? फ्लॅट नंबर सांगा."

"फ्लॅट न्हाई. त्यो बग, त्यो दगुड. त्येच्याकडं जायचंय."

"दगडाचा नंबर नसते जी. मले मोबाइलवर एंट्री टाकावी लागते. नंबरबिगर उघडतच नाही ते."

"मंग माजा नंबर टाक. आमी हितलंच."

"तुम्ही राहता का इथं?"

"म्या न्हाई. त्यो ऱ्हातो."

मी पुढे होऊन वॉचमनशी भांडू लागले. तेवढ्यात बाबा मांडवातून लगबगीनं आले. डोक्याला गुलाबी फेटा, छातीला बिल्ला. त्यांना फेट्यात मी प्रथमच पाहत होते. सत्कारांवर, फेट्यांवर त्यांचं एक पत्रक होतं.

"अहो, सोडा त्यांना," ते वॉचमनला म्हणाले. "माझ्या पाहुण्या आहेत. समितीच्या नावावर टाका."

वॉचमननं सुटकेचा श्वास सोडून बोटानं काहीतरी टाकलं आणि दांडी वर केली. म्हातारी हलली नाही.

"मी पावनी व्हय, मास्तर?"

"तसं नव्हे हो, मावशी. ते मशीन आहे, त्याला काहीतरी सांगावं लागतं. या, या. उशीर झालाय."

"उशीर कशाचा? निवद ठिवल्याबिगर बैलं थोडीच..." ती बोलता बोलता थांबली. चौथऱ्याच्या पलीकडे, आतल्या रस्त्यावर, पाटलांची रंगवलेली जोडी उभी होती आणि लहान मुलं तिच्यासोबत फोटो काढून घेत होती. बैल केव्हाच आत गेले होते. मागच्या गेटनं.

आम्ही चौथऱ्यापाशी गेलो. फलकावरचा पडदा नुकताच सरकवला होता. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं. म्हातारीनं ताट एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं मला कोपरापाशी ढोसलं.

"वाच गं पोरी. मला काय वाचाया येतंय? मोट्यानं वाच."

बाबा म्हणाले, "नंतर वाचा निवांत, आता सत्कार..."

"वाच म्हन्ते ना."

मी वाचलं. पहिली वाक्यं माझ्या ओळखीची होती, मीच टंकलेली. वीरगळ म्हणजे काय, तो खालून वर कसा वाचायचा. मग एक वाक्य आलं जे मी टंकलं नव्हतं. 'शत्रूवर चालून जाणारा हा अश्वारूढ वीर गावच्या पाटील घराण्याचा पूर्वज होय.' त्याच्यानंतर राखणदारांची ओळ यायला हवी होती. तिथे सोसायटीचं नाव होतं, आणि 'कृपया स्पर्श करू नये'. आणि सर्वांत खाली 'मजकूर' असं लिहून बाबांचं संपूर्ण नाव. तेही मी वाचलं. मोठ्यानं. मला ते न वाचता थांबता आलं असतं, पण मला थांबायचं नव्हतं.

"आमचं कुटं आलं?" म्हातारीनं विचारलं.

"नाही आलं, आजी."

"म्होरं आसंल."

"पुढे काही नाही."

तिनं दगडाकडे बघितलं, तिथल्या खालच्या चौकटीकडे. "ह्यो घोड्यावरचा? ह्यो तर चोर व्हता न्हवं मास्तर? तुमीच छत्रीनं दावलं."

बाबांचा फेटा थोडा सरकला होता. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, आपण बसून बोलू. इथं नको." आणि मग, माझ्याकडे बघून, "तमाशा करू नकोस." मी तोवर फलकावर होतं तेवढंच वाचून दाखवलं होतं.

म्हातारीनं निवद ठेवला नाही. साखळीच्या आत जायची तिची इच्छाच उरली नसावी. ताटावरचा रुमाल तिनं नीट केला आणि ती गेटकडे चालू लागली. मी तिच्याबरोबर गेले. रस्त्यात ट्रक आला की ती मला बाजूला ओढायची. वस्तीपाशी पोहोचल्यावर तिनं ताट नातवंडांपुढे सरकवलं, "खावा, गरम हाय तंवर," म्हणाली, आणि उंबऱ्यावर बसून चपला काढता काढता मला म्हणाली, "तुज्या बापाला माजा निरोप सांग. म्हनावं, आमची खोळ परत दे."

"आजी, ती तर आपण नदीत..."

"मला ठावं हाय कुटं हाय ती. तू निरोप सांग."

बाबा संध्याकाळी घरी आले, फेटा काढून टेबलावर ठेवला आणि मी काही म्हणायच्या आत बोलू लागले. ते पुष्कळ बोलले. मशीन आणून ठेवलं होतं म्हणाले, मी नसतो तर त्या दगडाची खडी झाली असती. दगड वाचला, हे महत्त्वाचं. बाकी सगळा मजकूर आपलाच आहे, शास्त्रशुद्ध आहे. पुढची पिढी खालून वर वाचेल आणि तिला आपोआप कळेल की घोडेस्वार वीर असू शकत नाही. थोरल्यानं ती ओळ शेवटी, कोरायला देताना बदलली.

"तुम्हाला विचारून बदलली?"

त्यांनी टेबलावरचा फेटा उगाच सरळ केला.

"बाबा, तुम्हाला विचारून?"

"प्रूफ दाखवलं होतं."

"आणि तुम्ही?"

"एक ओळ गं! एका ओळीसाठी सगळा फलक घालवायचा? कुणी वाचतं का काही? आयुष्यभर लिहिलं, त्यातलं काय उरलं, दाखव. माळ्यावरची रद्दी. हे राहील. मी गेल्यावर राहील."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती नेहमीसारखं काही बोलेल म्हणून मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "तिनं तुमच्या शब्दावर शेंदूर काढू दिला होता," आणि आत गेली. त्यात टोमणा नव्हता. त्यामुळे ते जास्त लागलं असावं, कारण बाबा खुर्चीत बसले ते जेवायला उठले नाहीत.

मी निरोप सांगितला, जसाच्या तसा. त्यांनी मला समजावलं की आता त्या दगडाला शेंदूर लावता येणार नाही. तो वारसा आहे. समितीचा नियम आहे आणि तो नियम त्यांनीच सुचवला होता.

बिल्डरचा मला राग आला नाही, म्हणजे आला, पण तो जुना, सवयीचा राग होता. बिल्डर रस्ता करणार, पाटील पाटीलकी करणार, त्यांच्याविरुद्ध कसं उभं राहायचं ते मला लहानपणापासून शिकवलं होतं. शिकवणारा पलीकडे जाऊन उभा राहिला तर काय करायचं, ह्याचं पत्रक आमच्या घरात नव्हतं. वस्तीतल्या लोकांना मी पुढे दोन-तीनदा भेटले, अर्ज करू म्हटलं, फलक बदलायला लावू म्हटलं. त्यांनी चहा दिला. म्हातारीच्या थोरल्यानं नम्रपणे विचारलं, "लिवनार कोन, ताई? तुमीच ना?" त्याच्या आवाजात कुठेही कुत्सितपणा नव्हता. मी तरी अर्ज केला. मी माझ्या नावानं केलेला तो पहिला अर्ज. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. मी पुन्हा करणार आहे.

पुढच्या पोळ्याला म्हातारी गेली नाही. तिला बोलावणं आलं होतं म्हणे, समितीचं, पास छापले होते. तिनं पास चुलीत घातला.

मी धायरीला एका मैत्रिणीबरोबर खोली घेतली आहे. खराडी तिथून शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोज दोन बस बदलाव्या लागतात. आईला भेटायला अधूनमधून घरी जाते. मागच्या वेळी गेले तेव्हा बाबांनी एक कागद पुढे केला. समिती आता पायविहिरीला फलक लावतेय. त्यांचं अक्षर थोडं थरथरू लागलंय. "मजकूर आहे," ते म्हणाले. "एकदा नजर टाक. तुझ्याइतकं नेमकं कुणी बघत नाही."

मी कागद घेतला. मजकूर चांगला होता. पहिलं वाक्य तर फार चांगलं होतं. विहीर कुणी बांधली, वेठीला कोण होतं, पाणी कुणाला मिळत नव्हतं, सगळं लिहिलं होतं, एकही शब्द न चोरता.

"ह्यातली कुठली ओळ शेवटी काढणार आहात?" मी विचारलं. "ती आधी सांगा, म्हणजे तपासण्यात वेळ जायला नको."

त्यांनी हात पुढे केला. मी कागद परत दिला. त्यांनी त्याची घडी घातली, आधी उभी, मग आडवी, नखानं दाब दिला नाही, आणि खिशात ठेवली. आईनं आतून विचारलं, जेवून जाणार आहेस का. मी नाही म्हटलं.